प्रोग्रॅमिंगचा ऑनलाइन कोर्स सुरू करताय? व्हिडिओच्या आधी साइट फिरून घ्या

कोर्सला नाव नोंदवलं की समोर मोठं प्लेचं बटण येतं आणि आपण ते दाबतो, सगळेच दाबतात, मग दोन-तीन तास छान जातात, शिकवणारा भारी बोलत असतो, सगळं डोक्यात शिरतंय असं वाटत असतं, आणि मग पहिली असाइनमेंट उघडल्यावर कळतं की कोड नक्की लिहायचा कुठे हेच माहीत नाही. लिहायचा कुठे, सबमिट कुठे करायचा, चुकलं तर ते कुठे दिसणार, अडलं तर विचारायचं कुणाला. नवीन शिकणारे मला जे प्रश्न विचारतात त्यातले बरेचसे प्रोग्रॅमिंगचे नसतातच, वेबसाइटचे असतात. आणि वाईट याचं वाटतं की तेवढ्यावरून माणूस ठरवून मोकळा होतो की आपल्याला कोडिंग जमणार नाही. अरे, कोडिंगपर्यंत तू अजून पोचलाच नाहीस!

म्हणून माझं ठाम मत आहे की पहिला तासभर व्हिडिओ लावायचाच नाही. नुसतं साइटवर फिरायचं, सगळे मेनू उघडून बघायचे, सगळ्या टॅबवर एकेक क्लिक करायचं, आणि फिरताना डोक्यात एकच प्रश्न ठेवायचा: माझा कोड इथे कोण तपासणार आणि तो मी कुठे द्यायचा? ती जागा सापडली की अर्धी साइट कळली समजा. व्हिडिओ, नोट्स, क्विझ, चर्चा हे सगळं त्या जागेसाठीच असतं.

साइट कुठल्या प्रकारची आहे

वरवर बघितलं तर सगळ्या साइट सारख्याच वाटतात, एका कडेला धड्यांची यादी आणि मधे व्हिडिओ, पण आतून खूप फरक असतो. एडएक्स आणि कोर्सेरा दोन्ही २०१२ साली सुरू झाल्या, एडएक्स हार्वर्ड आणि एमआयटीने मिळून काढली आणि कोर्सेरा स्टॅनफर्डच्या अँड्र्यू इंग आणि डॅफ्नी कोलर या दोन प्राध्यापकांनी, त्यामुळे दोन्हींचा साचा कॉलेजचा आहे. आठवडे किंवा मॉड्यूल, त्यात असाइनमेंट, मुदत, मार्क, पास व्हायला अमुक टक्के. अशा साइटवर सगळे व्हिडिओ बघून झाले तरी कोर्स झाला असं होत नाही. युडेमीचं वेगळं, तिथे शिकवणारा आपला कोर्स स्वतः बनवून ठेवतो, बहुतेक ठिकाणी तो त्याच्या स्क्रीनवर टाइप करतो आणि आपण आपल्या, आणि बरोबर आलं की नाही ते आपणच बघायचं. म्हणजे तपासणारी जागा तिथे शोधून सापडेलच असं नाही, ती तुम्हाला स्वतः उभी करावी लागते, निदान प्रत्येक धड्यानंतर व्हिडिओ बंद करून तोच प्रोग्रॅम न बघता लिहायचा एवढं तरी.

फ्रीकोडकॅम्प २०१४ पासून आहे आणि पूर्ण फुकट आहे. तिथे धडा म्हणजेच एडिटर, एका बाजूला सूचना, बाजूला कोड लिहायची जागा, पलीकडे रिझल्ट, बटण दाबलं की लगेच टेस्ट चालतात आणि काय राहिलंय ते सांगतात. लॉगिन न करताही सुरू करता येतं, पण मग तुमची प्रगती सेव्ह होत नाही, म्हणून आधी साइन इन करा मग पहिली पायरी उघडा. एमआयटीचं ओपनकोर्सवेअर याच्या अगदी उलट्या टोकाला, लॉगिन नाही, नावनोंदणी नाही, सर्टिफिकेट नाही, लेक्चर, नोट्स, असाइनमेंट सगळं उघड्यावर ठेवलेलं, हवं ते घ्या, पण तपासायला कोणी नाही. आणि ओडिन प्रोजेक्ट बघितलात तर तिथे बहुतांश वाचायचं असतं, धड्यातून बाहेरच्या लेखांच्या लिंक असतात, आणि सुरुवातीलाच तुमच्या स्वतःच्या कॉम्प्युटरवर सगळं सेटअप करायला लावतात, त्यामुळे पानावर एडिटर शोधत बसू नका, तो तिथे नसतो.

एवढं कळलं की आपल्याला या साइटवर काय मिळणार आणि काय आपलं आपण बघायचं ते स्पष्ट होतं.

सिलॅबस आणि एफएक्यू

ही दोन पानं कोणी उघडत नाही. उघडा, दहा मिनिटं लागतात. त्यात बघायचं ते हे: पास व्हायला काय लागतं, मुदत आहे का, कुठली भाषा आणि तिची कुठली आवृत्ती, आणि कोर्स शेवटचा कधी अपडेट झाला.

आवृत्तीचं जरा सांगतो कारण यात नवीन माणूस फार अडकतो. पायथन २ चा सपोर्ट १ जानेवारी २०२० ला संपला, पण तेव्हाचे कोर्स अजून नेटवर पडून आहेत आणि सर्चमध्ये येतातही. पहिल्या धड्यात प्रिंट लिहून पुढे कंस न लावता थेट मजकूर लिहिलेला दिसला तर तो पायथन २ चा कोर्स आहे, तो कोड तुमच्याकडे एरर देणार आणि तुम्ही उगाच स्वतःची चूक शोधत बसणार. तसंच रिअ‍ॅक्टचं, ती वेबपानं बनवायची जावास्क्रिप्टची लायब्ररी, तिच्यात हुक्स ही नवी पद्धत आली फेब्रुवारी २०१९ मध्ये, त्याआधीचे कोर्स सगळं क्लास कंपोनंट या जुन्या पद्धतीने शिकवतात. आणि अजून एक, बरेच कोर्स प्रोजेक्ट सुरू करायला क्रिएट रिअ‍ॅक्ट अ‍ॅप वापरतात, ते फेब्रुवारी २०२५ मध्ये अधिकृतपणे बाजूला ठेवलंय, त्यामुळे पहिल्याच धड्यात ते दिसलं तर नवीन कोर्स बघा किंवा निदान प्रश्नोत्तरांत शिकवणाऱ्याने पुढे काय करायचं सांगितलंय का ते बघा. युडेमीवर कोर्सच्या माहितीच्या पानावर शेवटच्या अपडेटचा महिना दिलेला असतो, पण तो महिना बघून भागत नाही, एखादा छोटा व्हिडिओ बदलला तरी तारीख पुढे जाते, म्हणून धड्यातला कोड स्वतः बघायचा.

मुदतीचं म्हणाल तर एडएक्सवर वरती डेट्स नावाचा वेगळा टॅबच असतो, तिथे सगळ्या तारखा एका जागी मिळतात. मुदत कुठल्या घड्याळाने आहे ते मात्र नीट वाचा, बऱ्याच साइट यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, वेळ देतात आणि आपण आपल्या घड्याळाची रात्र धरून बसतो. कोर्सेरावर मुदत टळली तरी बहुतेक कोर्समध्ये तारखा रिसेट करायची सोय असते, मार्क कापले जात नाहीत, त्यामुळे आठवडा चुकला म्हणून कोर्स सोडायची काहीच गरज नाही. खरंच नाही. लोक इथेच सोडतात म्हणून परत सांगतोय.

असाइनमेंटचं पान, म्हणजे खरा कोर्स

इथे जास्त वेळ घालवा. उदाहरण म्हणून हार्वर्डचा सीएस५० हा कॉम्प्युटर सायन्सची ओळख करून देणारा कोर्स घेऊ, कारण तो फुकट आहे, खूप लोक करतात, आणि त्याच्या साइटवर हरवायला पण खूप जागा आहे.

पहिला गोंधळ हा की तो एडएक्सवरही आहे आणि त्याची स्वतःची साइटही आहे. व्हिडिओ दोन्हीकडे तेच, पण खरं काम स्वतःच्या साइटवर चालतं. तिथे प्रत्येक आठवड्याचं एक पान असतं आणि त्या पानावर लेक्चर, नोट्स, स्लाइड्स, लेक्चरमधला सोर्स कोड, सेक्शन, शॉर्ट्स नावाचे छोटे व्हिडिओ आणि शेवटी प्रॉब्लेम सेट, म्हणजे असाइनमेंट. कोड लिहायची जागा आणखी तिसऱ्या पत्त्यावर, सीएस५० डॉट डेव्ह, आणि मार्क दिसायची जागा चौथ्या पत्त्यावर, सीएस५० डॉट मी. या सगळ्यांना जोडणारा धागा म्हणजे तुमचं गिटहब अकाउंट, गिटहब ही कोड ठेवायची साइट आहे. म्हणून गिटहबचं एकच अकाउंट ठेवा आणि प्रत्येक ठिकाणी त्यानेच लॉगिन करा, दोन अकाउंट झाली की अर्धं काम इकडे आणि अर्धं तिकडे, आणि मग मी सबमिट केलं तरी दिसत नाही म्हणून शोधाशोध. चारही पत्ते बुकमार्क करून एका फोल्डरमध्ये टाका, पहिल्याच दिवशी.

आता एक प्रश्न सोडवताना काय होतं ते जवळून बघू. पहिल्या आठवड्यात, मोजणी शून्यापासून आहे म्हणजे तसा दुसराच, सी भाषेत मारिओ नावाचा प्रश्न आहे, हॅशची चिन्हं वापरून उजवीकडे चिकटलेला पिरॅमिड काढायचा. तुम्ही कोड लिहिला, चालवला, पिरॅमिड दिसला, छान. मग टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या चौकटीत, चेक५० या तपासणाऱ्या प्रोग्रॅमची कमांड द्यायची, ती प्रश्नाच्या पानावर खालच्या बाजूला दिलेली असते, तिथून तशीच कॉपी करायची. थोड्या वेळाने एकेक ओळ येते, जे जमलं त्यापुढे हिरवा हसरा चेहरा, जे चुकलं त्यापुढे लाल रडका चेहरा, आणि काही ओळींपुढे ना हसरा ना रडका, सरळ तोंडाचा. तो सरळ तोंडाचा चेहरा बघून लोक घाबरतात, पण त्याच्यापुढे लिहिलेलं वाचलं तर अर्थ सोपा आहे, वरचा रडका चेहरा हसरा झाल्याशिवाय हे तपासता येत नाही. म्हणजे तुमच्याकडे एकच चूक आहे, पहिली. फाइल सापडली नाही असं पहिल्या ओळीत आलं असेल तर तुम्ही चुकीच्या फोल्डरमध्ये उभे आहात, बाकी काही नाही, योग्य फोल्डरमध्ये जा आणि परत कमांड द्या.

आणि समजा पिरॅमिड डोळ्यांना बरोबर दिसतोय तरी लाल चेहरा येतोय. तेव्हा खाली एक्सपेक्टेड आणि अ‍ॅक्च्युअल असे दोन आउटपुट दिलेले असतात ते शेजारी शेजारी ठेवून बघा. या प्रश्नात हमखास होतं ते असं की हॅशच्या उजवीकडे पण स्पेस छापल्या जातात, डोळ्यांना त्या दिसत नाहीत पण तपासणाऱ्या प्रोग्रॅमला दिसतात, त्याच्यासाठी स्पेस हे अक्षरच आहे. ही गोष्ट कुठल्याही साइटवरच्या ऑटोग्रेडरला लागू आहे. शेवटची स्पेस, जास्तीची नवीन ओळ, लहान-मोठं अक्षर, प्रश्नचिन्हानंतरची जागा, सगळं तंतोतंत लागतं. माझा कोड बरोबर आहे पण साइट चूक म्हणतेय असं वाटलं की आधी हे चार तपासा, तर्क नंतर.

चेक केलं म्हणजे सबमिट झालं असं नसतं हेही लक्षात ठेवा. चेक५० नुसतं तपासून सांगतं, मार्कांसाठी सबमिट५० वेगळं द्यावं लागतं. एडएक्सच्या साध्या प्रश्नांतही सेव्ह आणि सबमिट अशी दोन बटणं शेजारी असतात, सेव्ह दाबलं तर उत्तर नुसतं जपून ठेवलं जातं, तपासलं जात नाही. आणि बटणाजवळ बारीक अक्षरात किती प्रयत्न वापरले आणि एकूण किती मिळणार ते लिहिलेलं असतं. दोनच प्रयत्न असतील तर अंदाजाने क्लिक करू नका, आधी स्वतःच्या कॉम्प्युटरवर चालवून बघा मग उत्तर भरा.

नोटबुक असलेल्या असाइनमेंटचं, म्हणजे मशीन लर्निंग आणि डेटाच्या कोर्समध्ये असतात त्या, वेगळं तंत्र आहे. तिथे कोडचे डबे असतात, त्यांना सेल म्हणतात, आणि बऱ्याच ठिकाणी स्टार्ट कोड हिअर आणि एंड कोड हिअर अशा दोन कमेंट असतात, तुम्ही लिहायचं ते फक्त त्या दोघींच्या मधे. बाहेरचं काही बदलायचं नाही, फंक्शनचं नाव बदलायचं नाही, फाइलचं नाव बदलायचं नाही, सेल डिलीट करायचा नाही, कारण तपासणारा प्रोग्रॅम नेमकी तीच नावं शोधत येतो आणि सापडलं नाही की शून्य. दुसरं म्हणजे सेल मागेपुढे चालवले की जुनी व्हॅल्यू मेमरीत राहते, तुमच्याकडे सगळं बरोबर चालतं आणि सबमिट केल्यावर फेल. म्हणून सबमिटच्या आधी कर्नल, म्हणजे नोटबुकचा कोड चालवणारा मागचा प्रोग्रॅम, रिस्टार्ट करून वरपासून खालपर्यंत सगळे सेल परत चालवायचे, दरवेळी, न कंटाळता.

आणि ब्राउझरमधल्या एडिटरवर फार विसंबू नका. गिटहब कोडस्पेस, म्हणजे गिटहबचा ब्राउझरमधला एडिटर, नेहमीच्या सेटिंगमध्ये ३० मिनिटं काही हालचाल नसली की आपोआप थांबतं, तेव्हा फाइल जात नाहीत, परत सुरू केलं की असतात, पण ३० दिवस उघडलंच नाही तर डिलीट होतं. गूगलच्या कोलॅबमध्ये नोटबुक गूगल ड्राइव्हमध्ये सेव्ह राहतं, पण त्या सेशनमध्ये अपलोड केलेल्या डेटाच्या फाइल सेशन तुटलं की जातात. परीक्षा, सुट्टी, काहीही कारणाने मोठी गॅप पडणार असेल तर कोड उतरवून घ्या.

व्हिडिओ

व्हिडिओबद्दल थोडंच. ट्रान्सक्रिप्ट कुठे आहे ते शोधा, कोर्सेरा आणि एडएक्स दोन्हीकडे व्हिडिओजवळच असतं आणि त्यातल्या वाक्यावर क्लिक केलं की व्हिडिओ थेट तिथे जातो, त्यामुळे लूपबद्दल काय म्हणाला होता ते शोधायला पूर्ण तास परत बघायची गरज नाही, ट्रान्सक्रिप्टमध्ये कंट्रोल एफ करा. यूट्यूबवर बघत असाल तर के ने थांबतं, जे ने १० सेकंद मागे, एल ने १० सेकंद पुढे, हात कीबोर्डवर ठेवून कोड लिहायला हे फार कामाचं आहे. स्पीड वाढवायला हरकत नाही, पण कोड टाइप होत असेल तेव्हा कमी करा.

आणि धड्याबरोबरच्या फाइल घ्यायला विसरू नका. युडेमीवर धड्यांच्या यादीत ज्या धड्याला फाइल आहेत तिथे रिसोर्सेस असं छोटं बटण असतं, सीएस५० मध्ये आठवड्याच्या पानावर सोर्स कोड असतो. स्क्रीनवरचं बघून टाइप करणं चांगलंच, पण एखादं अक्षर कुठे राहिलं ते सापडत नसेल तेव्हा मूळ फाइलशी ताडून बघता येतं आणि तास वाचतो.

मोबाइल अ‍ॅप व्हिडिओ डाउनलोड करून प्रवासात बघायला छान. कोड मात्र कॉम्प्युटरवरच.

प्रोग्रेस बार आणि ग्रेड यातला फरक

यादीच्या कडेला हिरव्या खुणा वाढत जातात, वर टक्केवारी वाढत जाते, बरं वाटतं. पण ती टक्केवारी बहुतेक ठिकाणी तुम्ही काय उघडलं आणि काय शेवटपर्यंत चालू ठेवलं एवढंच मोजते. खरा आकडा वेगळ्या टॅबमध्ये असतो, कोर्सेरावर ग्रेड्स, एडएक्सवर प्रोग्रेस, आणि सीएस५० ला ते वेगळं पान. तिथे कुठल्या असाइनमेंटला किती वजन आहे तेही दिसतं. सीएस५० मध्ये फुकटच्या सर्टिफिकेटसाठी प्रत्येक असाइनमेंटमध्ये निदान ७० टक्के आणि शेवटचा प्रोजेक्ट लागतो, व्हिडिओ किती बघितले याला तिथे काहीच किंमत नाही, आणि मला हे फार योग्य वाटतं. आठवड्यातून एकदा ग्रेडचं पान उघडायची सवय लावा. एखादी असाइनमेंट दिली असं वाटत असतं आणि तिथे रिकामी दिसते, आणि ते लवकर कळलं तर काहीतरी करता येतं.

कोर्सेरावर काही असाइनमेंट एकमेकांच्या तपासायच्या असतात. स्वतःची देऊन थांबलात तर ती पूर्ण धरत नाहीत, ठरलेल्या इतरांच्या पण तपासाव्या लागतात. आणि ते मन लावून करा, दुसऱ्याचा कोड वाचणं ही वेगळी शिकवणीच आहे, आणि समोरचा माणूस पण तुमच्यासारखाच वाट बघत बसलेला असतो.

अडलं तर

आधी एरर वाचा. पायथनमध्ये लाल मजकुराची शेवटची ओळ आधी वाचायची, एररचं नाव तिथे असतं, मग वर जाऊन ओळ नंबर बघायचा. सी मध्ये उलटं, कंपायलरने, म्हणजे कोड मशीनच्या भाषेत बदलणाऱ्या प्रोग्रॅमने, वीस एरर दिल्या तरी सगळ्यात वरची पहिली दुरुस्त करायची आणि परत कंपाइल करायचं, खालच्या बऱ्याचशा त्या पहिलीमुळेच आलेल्या असतात. प्रोग्रॅम चालतो पण उत्तर चुकतंय असं असेल तर पायथन ट्यूटर नावाची फुकट साइट आहे, फिलिप गुओ यांनी बनवलेली, तिथे कोड चिकटवला की तो एकेक ओळ पुढे जाताना कुठल्या व्हेरिएबलमध्ये काय आहे ते चित्रात दिसतं, नाव पायथनचं असलं तरी सी, जावा, जावास्क्रिप्ट पण चालतं. लूप आणि लिस्ट ज्यांना कळत नाही त्यांना मी सगळ्यात आधी तिथेच पाठवतो.

मग साइटवरचा प्रश्नांचा विभाग. एडएक्सवर डिस्कशन टॅब, युडेमीवर व्हिडिओच्या खाली प्रश्नोत्तरं, फ्रीकोडकॅम्पमध्ये धड्यातच मदतीचं बटण आहे जे तुमचा कोड आपोआप प्रश्नात घालून देतं. तुमची एरर तिथल्या सर्चमध्ये टाका, पण त्यातलं तुमच्या फाइलचं नाव आणि ओळ नंबर काढून, नाहीतर काही सापडणार नाही. लोकप्रिय कोर्समध्ये तुमचा प्रश्न आधी कुणीतरी विचारलेला असतोच. नसेल तर विचारा, बिनधास्त विचारा, पण उत्तर देणाऱ्याला काम करता येईल असं विचारा. कोडचा फोटो टाकू नका, फोटोतला कोड कुणाला चालवून बघता येत नाही, मजकूर म्हणून टाका, आणि वर-खाली तीन-तीन बॅकटिक द्या म्हणजे मोकळ्या जागा जशाच्या तशा राहतील, ते चिन्ह बहुतेक कीबोर्डवर एस्केपच्या खाली असतं. पायथनमध्ये तर हे हवंच, तिथे मोकळ्या जागांनाच अर्थ आहे. कुठला आठवडा, कुठला प्रश्न, काय व्हायला हवं होतं, काय होतंय, आणि पूर्ण एरर. चालत नाहीये प्लीज हेल्प एवढ्यावर कुणी काही सांगू शकत नाही, मनात असलं तरी.

मार्कांच्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर तिथे टाकायचं नसतं आणि मागायचं पण नसतं, कोर्सची ऑनेस्टी पॉलिसी एकदा वाचून घ्या. त्यातच एआयबद्दल काय चालतं ते लिहिलेलं असतं आणि प्रत्येक कोर्सचं वेगळं असतं. सीएस५० मध्ये बाहेरचा चॅटबॉट वापरून प्रश्न सोडवायला परवानगी नाही, पण त्यांनी स्वतःचं बदक नावाचं मदतनीस दिलंय, तेही एक एआय चॅटबॉटच आहे, आणि ते थेट उत्तर न देता तुम्हालाच उलट विचारत विचारत वाटेवर आणतं. ते एडिटरमध्येच मिळतं. जरूर वापरा.

पैशांचं एवढंच

नाव नोंदवताना ऑडिट, म्हणजे फुकट, आणि पैसे भरून असे दोन रस्ते असतील तर आधी ऑडिट घ्या, पण त्यात काय बंद असतं ते बघा, बरेचदा मार्कांच्या असाइनमेंटच बंद असतात, आणि आपलं सगळं म्हणणंच त्यांच्यावर आहे. एडएक्सवर फुकटच्या प्रवेशाला शेवटची तारीखही असते. कोर्सेराचं महिन्याचं सबस्क्रिप्शन तुम्ही स्वतः कॅन्सल करेपर्यंत चालू राहतं, तेव्हा ट्रायल सुरू केली त्याच दिवशी कॅलेंडरमध्ये संपायची तारीख टाका. ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी तिथल्या बऱ्याच कोर्सवर आर्थिक मदतीचा अर्ज असतो, कोर्सच्याच पानावर, फीच्या आसपास छोटी लिंक असते. अर्ज मनापासून लिहून भरा, त्यासाठीच ठेवलाय तो.

संपत आलं की

शेवटचा आठवडा पूर्ण करायच्या आधीच प्रोफाइलमधलं नाव तपासा, सर्टिफिकेटवर तेच छापून येतं. फ्रीकोडकॅम्पवर तर सर्टिफिकेट सेटिंगमध्ये जाऊन क्लेम करावं लागतं, आपोआप येत नाही, त्याआधी नाव भरून ऑनेस्टी पॉलिसी मान्य करावी लागते आणि प्रोफाइल सगळ्यांना दिसेल असं ठेवावं लागतं.

प्रवेश बंद व्हायच्या आत तुमच्या सगळ्या असाइनमेंटचा कोड, नोटबुक आणि नोट्स उतरवून घ्या, नंतर ते पान उघडत नाही. गिटहबवर ठेवायचं असेल तर असाइनमेंटची उत्तरं प्रायव्हेट रेपोमध्ये, म्हणजे फक्त तुम्हाला दिसणाऱ्या फोल्डरमध्ये, ठेवा, बहुतेक कोर्स ती सगळ्यांना दिसतील अशी टाकू देत नाहीत. फायनल प्रोजेक्ट मात्र तुमचा स्वतःचा असतो, तो पब्लिक करा, त्याला रीडमी नावाची एक फाइल लिहा, तो काय करतो आणि कसा चालवायचा ते चार ओळींत सांगा, आणि लिंक सर्टिफिकेटच्या शेजारी लावा.